डाग लपविला कोणी?

खेड्यांतील मंडळ्यांस भेटी देत असता उपदेशक बंधू आम्हांस एक प्रश्न वारंवार विचारतात, आणि बहुधा तो उपासना आटोपून लोक उठून गेल्यावर, हळू आवाजात विचारतात. अमक्या बंधूच्या अंगावर चट्टा आहे. तो त्याने वर्षभर सदऱ्याखाली झाकून ठेविला. आता तो उघडकीस आला आहे. तर असे लपविणे म्हणजे खोटे बोलणेच नव्हे काय? आणि तसे असल्यास मंडळीने त्याचे काय करावे?

प्रश्न सरळ दिसतो, तथापि त्यात एक गोष्ट आधीच धरून चालली आहे. ती ही की, लपविणारा एकट्याने लपवितो. आम्हांस तसे वाटत नाही. कोणतीही गोष्ट लपविली जाते तेव्हा तेथे दोन माणसे असतात. एक झाकणारा, आणि दुसरा तो, की ज्याच्या भयाने ती झाकावी लागते. उपदेशक बंधूंनी आजवर पहिल्याचीच चौकशी केली आहे.

मनुष्याचे यकृत बिघडते, रक्तात साखर वाढते, छातीत धडधड होते. त्याबद्दल शेजारी त्यास दोष देत नाही, कारण शेजाऱ्यास ते दिसतच नाही. कातडी मात्र घराच्या रस्त्याकडील भिंतीसारखी आहे. आतल्या खोलीतला पोपडा निघाला तर घरधन्यास ठाऊक. ओसरीच्या भिंतीचा निघाला तर येणारा-जाणारा उभा राहून पाहतो आणि घरात काय चालले असेल याविषयी तर्क करितो. त्यात आमच्या भाषेने भर घातली आहे. नावाला डाग लागला, कुळाला बट्टा लागला, असे आपण म्हणतो. पापाविषयी बोलण्यासाठी आपण डागाचा शब्द उसना घेतला, आणि मग खरोखरीचा डाग दिसताच त्यामागे पाप शोधू लागलो.

ईयोबाच्या मित्रांनी हेच केले. तो नखशिखान्त गळवांनी पिडलेला राखेत बसून खापराने अंग खाजवीत होता. मित्र प्रथम सात दिवस गप्प बसले, ते बरे केले. मग तोंड उघडले ते त्याचे गुप्त पातक सिद्ध करण्यासाठी. त्या पुस्तकाच्या शेवटी निवाडा मित्रांविरुद्ध झाला, हे आपले वाचक जाणतात. कोणी म्हणेल की, गेहजीस आणि मिर्यामेस डाग शिक्षा म्हणून लागला असे शास्त्रातच आहे. होय, पण तेथे शास्त्र तसे स्पष्ट सांगते. ज्या अध्यायात गेहजी आहे त्याच अध्यायात नामानही आहे, आणि त्याच्या रोगाचे कारण म्हणून एकही पाप सांगितलेले नाही. जेथे शास्त्र मौन धरिते तेथे आपण बोलण्याची घाई करू नये.

लेवीयाच्या पुस्तकातील तेरावा अध्याय पुष्कळ लोक भराभर वाचून टाकितात. तो सावकाश वाचण्याजोगा आहे. तेथे जो मूळ इब्री शब्द आहे तो कातडीच्या अनेक विकारांस लाविला आहे, इतकेच नव्हे तर वस्त्रावरील आणि घराच्या भिंतीवरील डागांसही लाविला आहे. भिंतीला महारोग होत नाही. तेव्हा तो शब्द म्हणजे आज ज्यास वैद्य कुष्ठरोग म्हणतात तोच, असे धरून चालण्यास आधार नाही. याजकाने चट्टा पाहावा, केस पांढरे झाले आहेत की काय ते पाहावे, कातडीहून तो खोल आहे की काय ते पाहावे, आणि संशय असल्यास सात दिवस थांबून पुन्हा पाहावे. सर्व अंग पांढरे झाले असल्यास त्या मनुष्यास शुद्ध म्हणावे, असाही नियम तेथे आहे. आणि बाहेर राहिलेला मनुष्य बरा झाल्याचे कळल्यास याजकाने स्वतः छावणीबाहेर जाऊन त्यास पाहावे. आमच्या कित्येक गावांनी यातले बाहेर घालविणे तेवढे स्मरणात ठेविले, आणि पुन्हा पाहणे व बाहेर जाऊन पाहणे ही दोन्ही सोडून दिली.

तर आपणही पाहू. चट्टा हा कशाचा आहे हे कळल्यावाचून लपविण्याचे पाप लहान की मोठे हे ठरविता येत नाही.

खरजेपासून आरंभ करू, कारण येथे लपविण्याने दुसऱ्याची खरोखर हानी होते. खरूज एका अतिसूक्ष्म किड्याने होते. त्याची मादी कातडीत बीळ करून अंडी घालते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ उठतो आणि रात्री खाज असह्य होते. १६८७ साली इटली देशातील बोनोमो नावाच्या वैद्याने हा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून त्याचे वर्णन प्रसिद्ध केले; पण त्याने असेही नमूद केले आहे की, गरीब बायका आपल्या मुलांच्या अंगातून असे किडे सुईने काढीत असत. म्हणजे पंडितांच्या आधी आयांस ते ठाऊक होते. आता या रोगातील महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रथमच लागण झालेल्या मनुष्यास खाज सुटण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तेवढ्या काळात तो सोबत निजणाऱ्यांस ती देऊन चुकलेला असतो. म्हणून गावात खरूज कोणी आणली याचा जो तंटा चालतो तो निरर्थक होय. ज्यास आधी खाज सुटली त्यानेच ती आणली असे मुळीच नाही.

उपाय सोपा आहे, पण एकट्याने करावयाचा नाही. परमेथ्रिन नावाचे पाच टक्क्यांचे मलम घरातील सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच रात्री मानेपासून पायांच्या तळव्यांपर्यंत लावावे, नखांच्या खाली, बेंबीत, बेचक्यांत सुद्धा. सकाळी आंघोळ करावी. आठवड्याने पुन्हा एकदा तसेच करावे. तान्ह्या मुलांस आणि गरोदर बायकांस लावण्यापूर्वी आरोग्य केंद्रात विचारावे. अंथरूण-पांघरूण व नेसूचे कपडे गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात घालावे. जे धुता येत नाही ते पोत्यात बांधून आठवडाभर दूर ठेवावे. त्यानंतरही दोन-तीन आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषध निष्फळ झाले असे समजून ते रोज चोपडू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली या रोगास दुर्लक्षित रोगांच्या यादीत घातले, आणि दुर्लक्ष हाच शब्द आम्हांस तेथे अचूक वाटतो. खरजेच्या बाबतीत आम्ही निःसंकोच म्हणतो की, सांगणे हे कर्तव्य आहे. वसतिगृहातील मुलाने सांगावे, घरच्या सुनेने सांगावे. परंतु ज्या घरात सुनेने सांगताच तिच्या माहेरच्या अस्वच्छतेचा उद्धार होतो, त्या घरास तिने न सांगितल्याचा राग धरण्याचा अधिकार किती, हे त्या घरच्या सासूबाईंनीच ठरवावे.

पावसाळ्यातल्या चिखल्या आणि वैशाखातल्या घामोळ्या कोणी लपवीत नाही, म्हणून त्यांवर येथे शाई खर्चीत नाही. नागिणीविषयी मात्र दोन शब्द. तिची दोन तोंडे कमरेभोवती मिळाली म्हणजे मनुष्य मरतो, ही समजूत खोटी आहे. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचे विष नसांत दबून राहते, तेच पुढे एका नसेच्या वाटेने अंगाच्या एका बाजूस उठते. पुरळ उठल्यापासून तीन दिवसांच्या आत डॉक्टरकडे गेल्यास औषधाचा गुण चांगला येतो. ते तीन दिवस पुष्कळांचे मांत्रिकाच्या ओसरीवर जातात. डोळ्याच्या आसपास उठल्यास तर एक दिवसही दवडू नये.

यापुढचा विकार गजकर्ण किंवा नायटा, आणि येथे लपविण्याचे एक निराळेच रूप दिसते. आम्ही नागपुरास सक्करदऱ्यात राहतो. येथे बुधवारचा बाजार भरतो, उमरेड रस्त्याने खेड्यांतील लोक येतात, भाजी विकतात, मीठमिरची घेतात, आणि परतताना औषधांच्या दुकानातून खाजेची एक नळी घेतात. याच सक्करदऱ्यात शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. १९४७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही तेथून फार लांब नाही. परंतु तेथे चिठ्ठी काढून रांगेत बसावे लागते, लुगडे किंवा धोतर बाजूस सारून जांघ दाखवावी लागते. नळीपुढे लाजावे लागत नाही.

नायटा ही बुरशी आहे. दुकानातील पुष्कळ नळ्यांत बुरशीच्या औषधासोबत स्टेरॉइड नावाचे द्रव्य मिसळलेले असते. त्याने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि मनुष्य दुकानदारास दुवा देतो. पण ते द्रव्य बुरशीस मारीत नाही. बुरशीशी लढणाऱ्या शरीराच्या शक्तीस तेवढे निजविते. राखेखाली विस्तव पसरावा तसा नायटा आतल्या आत पसरतो, नळी संपताच दुप्पट जागेवर उठतो, आणि कातडी पातळ होऊन तीवर कायमच्या रेघा पडतात. १९६८ साली इंग्लंडातील दोन त्वचावैद्यांनी अशा नायट्यास जे नाव दिले त्याचा अर्थ वेष पालटलेला नायटा असा होतो. कारण तो पाहून वैद्यालाही ओळखू येत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात नायटा जो चिवट झाला आहे, त्यास या नळ्यांचा मनमानी वापर हे एक मोठे कारण असल्याचे त्वचावैद्य सांगतात. सरकारने २०१८ साली अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असे ठरविले. तोंड गोरे करण्यासाठी काही मुली जी मलमे लावितात त्यांतही पुष्कळदा हेच द्रव्य असते. खऱ्या उपचारास आठवडे लागतात आणि डाग दिसेनासा झाल्यावरही सांगितलेल्या दिवसापर्यंत औषध लावावे लागते. लज्जेची किंमत येथे पैशांत मोजता येते. एकेक नळी करीत वर्षभरात जेवढे पैसे जातात, तेवढ्यात सरकारी रुग्णालयाच्या अनेक फेऱ्या होतील.

आता कोड. याविषयी आमचे म्हणणे अगदी थोडे आणि अगदी स्पष्ट आहे. कातडीस रंग देणाऱ्या पेशी शरीराच्याच संरक्षक शक्तीकडून नष्ट होतात, म्हणून तेथे पांढरे डाग पडतात. त्यांत जंतू नाही. ते शिवल्याने, एकत्र जेवल्याने, एका खाटेवर निजल्याने लागत नाहीत. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्यानेही होत नाहीत. तेव्हा कोड असलेल्या मनुष्याने ते कोणास सांगावे हा प्रश्नच गावाने विचारू नये. गावाचे त्यात काही जात नाही. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांनी अशा लोकांसाठी श्वेता असोसिएशन स्थापन केली, आणि तिच्याच विषयावर सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांनी २००६ साली ‘नितळ’ हा चित्रपट केला. त्यातील नायिका डॉक्टर असून तिच्या अंगावर कोड आहे. लग्न ठरविताना असे घर काय काय बोलते, हे ज्यांस पाहावयाचे असेल त्यांनी तो पाहावा.

लग्नाचा विषय निघाला म्हणून सांगतो, कारण आईबाप याविषयी आमच्याशी बोलण्यास येतात. मुलीच्या पाठीवर डाग आहे, लुगड्याखाली दिसत नाही. सांगावे की न सांगावे? आमचे उत्तर असे की, ज्याच्याशी तिने जन्म काढावयाचा त्यास सांगावे, आणि लग्नाआधी सांगावे. तो दोष आहे म्हणून सांगावे असे नव्हे. नवऱ्यापासून पाठ लपवून संसाराचा आरंभ करणाऱ्या मुलीस रोज रात्री भय वाटत राहील, म्हणून सांगावे. पण हे सांगणे दोघांतले आहे. वराच्या चुलत्या-मावश्यांस, मध्यस्थास आणि पंगतीस ते सांगण्याचे काही कारण नाही. आणि ज्याने ऐकून नकार दिला त्याने तो नकार मुकाट्याने घरी न्यावा. गावभर वाटीत फिरू नये. हाच नियम मुलाच्या पाठीवरील डागासही लागू आहे, हे लिहिण्याची खरे म्हणजे गरज नसावी, पण आहे.

राहिला तो शब्द, की जो उपदेशक बंधूंच्या मनात पहिल्यापासून होता आणि त्यांनी उच्चारिला नाही.

महारोगाचा जंतू नॉर्वे देशातील डॉ. हान्सेन यांनी १८७३ साली दाखवून दिला. तेव्हापासून तो शाप आहे, वंशपरंपरागत आहे, या समजुतीस शास्त्रीय आधार उरला नाही. त्याचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, खाजत नाही, आणि त्या जागी स्पर्श कळत नाही. हीच त्याची मुख्य खूण. कापसाची वात फिरवून आरोग्यसेविका ती तपासते. औषध न घेतलेल्या रोग्याच्या नाकातोंडातून, दीर्घकाळ निकट राहिल्यानेच तो पसरतो, आणि तोही बहुतेकांस होत नाही, कारण शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक माणसांच्या शरीरांत त्याचा प्रतिकार करण्याची शक्ती उपजतच असते. बहुविध औषधोपचार १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत सुरू झाला, आणि वर्धा जिल्हा हा तो मिळालेल्या देशातील पहिल्या जिल्ह्यांपैकी एक होता. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. सहा महिने किंवा बारा महिने ते घ्यावे लागते, आणि ते सुरू झाल्यावर थोड्याच अवधीत रोगी दुसऱ्यास रोग देईनासा होतो. २००५ सालच्या अखेरीस देशातील प्रमाण दहा हजारांत एकाहून कमी झाले आणि सार्वजनिक संकट म्हणून त्याचे निर्मूलन झाल्याचे जाहीर झाले. त्यावरून पुष्कळांचा समज झाला की रोग संपला. तो संपलेला नाही. जगात जे नवे रोगी सापडतात त्यांतील निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात.

तर जो रोग फुकट औषधाने बरा होतो, तो मनुष्य वर्षभर सदऱ्याखाली का ठेवितो? त्या वर्षात जंतू त्याच्या नसा खातो, हाताची बोटे वाकतात, पाय बधिर होतो. मग ज्या व्यंगाचे गाव भय धरिते, तेच व्यंग त्या भयाने घडवून आणलेले असते.

हे भय भल्याभल्यांस सुटलेले नाही. वरोड्याचे बाबा आमटे एका पावसाळी संध्याकाळी तुळशीराम नावाच्या महारोग्यास रस्त्याच्या कडेस पडलेला पाहून पळत सुटले होते, ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितलेली आहे. ते परत फिरले, आणि पुढे १९४९ साली त्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली, तिचेच आनंदवन. त्याआधी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी महारोग्यांसाठी धाम उघडले होते. १९३९ साली परचुरे शास्त्री हे संस्कृत पंडित महारोगी होऊन सेवाग्रामास आले, तेव्हा गांधीजींनी त्यांस आपल्या कुटीजवळ झोपडी बांधून दिली आणि ते स्वतः त्यांच्या अंगास तेल चोळीत. त्या वेळी कडूकवठीच्या तेलावाचून दुसरा उपाय फारसा नव्हता. म्हणजे औषध नव्हते तेव्हा माणसे जवळ गेली; औषध आले आहे तेव्हा आपण मागील दाराची चटई दाखवितो. परतवाड्याजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरुग्णालय आहे, त्याचा आपल्या लोकांस अभिमान वाटतो, तो वाटावा. पण कोठाऱ्याहून बरा होऊन परतलेला मनुष्य आपल्याच मंडळीत कोठे बसतो, हे पाहिल्यावाचून त्या अभिमानास अर्थ नाही.

कायद्यानेही वर्षानुवर्षे लपविण्यास लाविले. निर्धन महारोग्यांस कोंडून ठेवण्याचा १८९८ चा कायदा २०१६ साली रद्द झाला. याहून आम्हांस खुपते ती गोष्ट घरची आहे. ख्रिस्ती लोकांच्या घटस्फोटाच्या १८६९ च्या कायद्यास २००१ साली दुरुस्ती झाली. ती इतर बाबतीत स्त्रियांस न्याय देणारी होती, हे खरे. पण तिने असाध्य महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नव्याने त्यात घातले. आणि हे वर्ध्यात रोग बरा करणारी औषधे येऊन वीस वर्षे होत आली तेव्हा. २०१९ च्या कायद्याने ते कारण आमच्या आणि इतरांच्याही विवाहाच्या कायद्यांतून काढून टाकिले. ज्या मनुष्याने २००१ पासून २०१९ पर्यंत आपला चट्टा बायकोपासून लपविला, त्यास खोटारडा म्हणणाऱ्याने ही अठरा वर्षे हिशेबात धरावीत.

म्हणून उपदेशक बंधूंस आमचे उत्तर असे. ज्याचा विकार दुसऱ्यास लागतो आणि ज्यास ते ठाऊक आहे, त्याने सोबतच्यांस सांगावे. न सांगितल्यास तो दोषी आहे, परंतु सांगितले असता त्याचे काय झाले असते हे पाहून मग त्या दोषाचे माप घ्यावे. ज्याचा लागत नाही, त्याच्यावर सांगण्याचे ऋणच नाही. जो उपचार पुरा करून आला, त्याने मंडळीपुढे उभे राहून काही कबूल करण्याची गरज नाही. प्रभुभोजनाच्या प्याल्याविषयी जे विचारतात त्यांस सांगावे की, कोड, खरूज किंवा नायटा प्याल्यातून लागत नाही, आणि औषध घेत असलेल्या कुष्ठरोग्याच्या ओठांचेही भय नाही.

आणखी एक बाब आहे, ती आमच्या नागपूरकडील उन्हाळ्यापुरती. आपल्या बहुतेक गावांत लोक वहाणा बाहेर काढून उपासनेस येतात. ज्याचा पाय रोगाने बधिर झाला आहे त्यास वैशाखातील फरशीचा चटका कळत नाही. घरी गेल्यावर फोड दिसतो, त्याची जखम होते, आणि ती महिनोन्महिने भरत नाही. अशांसाठी सरकारी दवाखान्यात मऊ रबराच्या विशेष चपला मिळतात. त्या त्यास पायांत ठेवून आत येऊ द्याव्या, आणि त्या का काढल्या नाहीत असे दाराशी त्यास कोणी विचारू नये म्हणून उपदेशकाने दारावरच्या माणसास आदल्या दिवशी सांगून ठेवावे.